पानगळीतली जुनी लाकडी कुंपणं: चौकट, लाल रंग आणि फोकस, तिन्ही हुकतंय

पाचोळा:

पानगळीच्या रंगात शेताकडेची जुनी लाकडी कुंपणं टिपायचा नाद लागलाय. क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स, ट्रायपॉड, पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) एवढं सामान. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची. गाडी तीन ठिकाणी अडते.

एक, कुंपण चौकटीत आडव्या पट्ट्यासारखं येतं. प्रत्यक्ष बघताना ते दूर रानात शिरताना दिसतं, फोटोत मात्र रानावर फळी ठोकल्यासारखं.

दोन, लाल पानांचा लगदा होतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकलेला नसतो, तरी पानांच्या शिरा गायब आणि नुसता लाल डाग. पिवळ्या पानांचं एवढं बिघडत नाही.

तीन, १८ मिमीला एफ/१६ (आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) ठेवून अर्ध्या मीटरवरच्या खांबावर फोकस केला की मागची झाडं मऊ. झाडांवर केला की खांबाच्या लाकडाचे रेषे मऊ. एफ/२२ ला सगळंच मऊ.

वेळ बहुतेक सकाळी ९ ते ११ ची असते. नेमकं कुठे चुकतंय?

तिपाई:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेन्समध्ये नाही, ट्रायपॉडच्या उंचीत आणि तुम्ही कुंपणाच्या कुठे उभे आहात त्यात आहे.

आधी उंची. जमीन सपाट असेल तर लेन्सच्या उंचीएवढी प्रत्येक वस्तू, जवळची असो की लांबची, क्षितिजाच्या रेषेवर टेकते. म्हणजे कुंपण १.२ मीटरचं आणि लेन्सही १.२ मीटरवर असेल, तर पहिल्यापासून शेवटच्या खांबापर्यंत सगळ्यांची डोकी एकाच आडव्या ओळीत येणार. वरची कड सरळ आडवी, फक्त खालची कड तिरपी. कुंपण आत जातंय हे सांगणाऱ्या दोन रेषांपैकी एक तुम्ही स्वतःच्या हाताने मारून टाकली. छातीच्या उंचीवर ट्रायपॉड लावायची सवय असलेल्या सगळ्यांचं इथंच चुकतं, कारण बहुतेक कुंपणंही छातीएवढीच असतात.

लेन्स १.६-१.७ मीटरवर न्या. आता वरचा दांडा क्षितिजाच्या खालून निघून वर चढत जातो, सगळं कुंपण शेताच्या पार्श्वभूमीवर येतं आणि दोन खांबांच्या फटीतून पलीकडचं गवत दिसतं. नाहीतर ६० सेंमीपर्यंत खाली या. मग वरची रेष खाली उतरते, खालची वर चढते आणि कुंपण पाचरीसारखं आत घुसतं. जवळचा खांब झाडांच्या रंगावर उठून उभा राहतो. मधली उंची सोडून काहीही चालेल.

आता जागा. कुंपणाकडे तोंड करून उभे राहिलात तर पट्टाच मिळणार. त्याच्या कडेला, हात लांब केला तर खांबाला लागेल इतक्या जवळ या आणि त्याच्या लांबीच्या दिशेने बघा. लेन्सची दिशा आणि कुंपण यांच्यात १५ ते ३० अंशांचा कोन पुरे. खालचा दांडा चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यातून आत आणू नका, कोपऱ्याच्या थोडा वरून आणा. कोपऱ्यातून आणलेली रेष फार बेतलेली दिसते.

आणि ती रेष कुठेतरी पोचली पाहिजे. टोकाला फाटक, एकटं झाड, गोठा, निदान कुंपणाचं वळण तरी हवं. काहीच नसेल तर टोक उंचवट्यामागे लपेल अशी जागा शोधा. चौकटीच्या दुसऱ्या कडेतून सरळ बाहेर पडणारं कुंपण बघणाऱ्याला हाताला धरून फोटोबाहेर नेऊन सोडतं.

लांबच्या लेन्सचं गणितही एकदा डोक्यात बसवून घ्या. खांबांमध्ये ३ मीटर अंतर धरा. पहिल्या खांबापासून ५ मीटरवर उभे राहिलात तर पाचवा खांब १७ मीटरवर, म्हणजे पहिला त्याच्या ३.४ पट मोठा दिसेल. ४० मीटर मागे गेलात तर ४० आणि ५२, म्हणजे जेमतेम १.३ पट. तिथून १५०-२०० मिमी लावलं की खांब एकमेकांना चिकटून ओळ धरतात आणि मागचा रंगीत डोंगर कुंपणाच्या पाठीवर येऊन बसतो. चढउताराच्या जमिनीवर हे फार शोभतं, कारण कुंपण लाटेसारखं वरखाली होतं. सपाट जमिनीवर तितकी मजा नाही.

शेवटचं: कॅमेरा कुंपणाकडे बघून लेव्हल करू नका. जुना खांब सरळ असेल याची हमी नाही. कॅमेऱ्यातली लेव्हल वापरा आणि खांब कलंडलेला असेल तर कलंडू द्या. १८ मिमीला कॅमेरा खाली झुकवला की कडेचे खांब वरच्या बाजूला बाहेर फाकतात. तो कल लाकडाचा नाही, तुमचा.

उतरतं_ऊन:

९ ते ११ हीच मुळात अडचण आहे. सूर्य जितका खाली तितकं कुंपण दुप्पट, कारण सावलीही कामाला येते. १.२ मीटर उंचीच्या कुंपणाची सावली सूर्य ५ अंशांवर असताना सुमारे १४ मीटर, १० अंशांवर ७ मीटरच्या आत, २० अंशांवर ३.३ मीटर आणि ४५ अंशांवर कुंपणाएवढीच. विषुवदिनाच्या सुमारास ४५ अंश अक्षांशावर सूर्य उगवल्यावर तासाभरात १० अंशांवर आणि दोन तासांत २० अंशांवर पोचतो. पुढे दिवस आखडतात तसा हा चढ मंदावतो, त्यामुळे हंगामाच्या शेवटी सकाळ जास्त वेळ पुरते. तरीही पहिल्या दीड तासात काम उरकायचं असंच धरून चला.

ऊन कुठून यावं हे लाकूड ठरवतं. उघड्यावरच्या लाकडाच्या पृष्ठभागातलं लिग्निन अतिनील किरणांनी तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि राखाडी सेल्युलोजचे रेषे मागे उरतात. वाढीच्या वलयातला मऊ भाग आधी झिजतो, कडक भाग उंच राहतो. जुन्या दांड्यावरून बोट फिरवलं की ज्या धारा लागतात त्या ह्याच. त्यांची उंची मिलिमीटरभरसुद्धा नसते, म्हणून समोरून पडणाऱ्या उन्हात त्या पुसल्या जातात. ऊन दांड्याच्या पृष्ठभागाला घासत गेलं तरच प्रत्येक धारेला स्वतःची सावली मिळते. म्हणजे कुंपण सूर्याच्या दिशेला जवळपास समांतर, १५-२० अंशांचा फरक ठेवून धावत असेल तेव्हा लाकूड बोलतं. होकायंत्र आणि सूर्योदयाची दिशा दाखवणारं एखादं ॲप आदल्या दिवशी बघून ठेवलं की कोणतं कुंपण सकाळचं आणि कोणतं संध्याकाळचं ते ठरतं.

पानांना मात्र दुसरं ऊन लागतं. ती मागून उजळली की आतून पेटल्यासारखी दिसतात, समोरून उजळली की नुसती रंगवलेली. एकाच चौकटीत लाकडाला घासतं ऊन आणि पानांना मागचं ऊन हवं असेल तर सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर, पुढच्या कोपऱ्याच्या बाजूला ठेवा आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर हाताची सावली धरा. सूर्य चौकटीतच घ्यायचा असेल तर तो खांबाआड अर्धा लपवा, एफ/१६ करा, किरण फुटतील.

ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. पाऊस पडून गेल्यावर लाकूड काळपट होतं, शेवाळ आणि दगडफूल उजळतं, पानांचे रंग गडद होतात. अट एकच, आकाश चौकटीत घ्यायचं नाही. दोन फांद्यांमधून डोकावणारा पांढरा तुकडासुद्धा डोळा ओढून नेतो.

केशरी_छटा:

लाल लगद्याबद्दल. तुम्ही पांढऱ्या रंगात दाखवलेला एकच हिस्टोग्राम बघत असणार. तो तिन्ही रंगांची बेरीज आहे आणि त्यात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा. लाल पानात हिरवा-निळा जेमतेम असतो, त्यामुळे लाल वाहिनी (लाल रंगाची वेगळी नोंद) भिंतीला आपटली तरी बेरीज मध्यावरच दिसते. मेनूत जाऊन आरजीबी हिस्टोग्राम सुरू करा आणि फक्त लाल आलेख बघा. पिवळ्या पानात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात, म्हणून तिथं धोका त्या साध्या आलेखातही दिसतो आणि तुम्ही आपोआप सावध होता.

आता दुसरी अर्धी गोष्ट. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम रॉचा नसतो, आत तयार झालेल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल लँडस्केप किंवा व्हिव्हिड असेल तर तो लाल आधीच फुगवून दाखवतो. स्टाइल न्यूट्रल करा. व्हाइट बॅलन्सही (रंगाचा उबदार-थंडपणा) ऑटोवर ठेवू नका. चौकटभर केशरी रंग दिसला की ऑटो त्याला दोष समजून थंड करतो, आणि प्रत्येक फ्रेमला वेगळा करतो. उन्हात ५२००-५५०० केल्विन, ढगाळ असेल तर ६०००-६५००.

एक्स्पोजर भरपाई उणे ०.७ पासून सुरू करा. मागून उजळलेली लाल पानं चौकटीत मोठी असतील तर उणे १ पर्यंत जा. लाल आलेखाचं टोक भिंतीच्या आधी थांबलं म्हणजे झालं. लाकूड अंधारं वाटेल, ते नंतर शॅडो उचलून येतं. फुटलेला लाल येत नाही.

जुन्या फाइली टाकून देण्याआधी एक करून बघा: प्रोसेसिंगमध्ये व्हाइट बॅलन्स ८००-१००० केल्विनने खाली आणा. उबदार बॅलन्स लाल वाहिनीला गुणून वर ढकलतो, त्यामुळे पुष्कळदा रॉमध्ये शाबूत असलेला लालही पडद्यावर फुटलेला दिसतो. शिरा परत आल्या तर फाइल वाचली. त्यानंतर लाल रंगाचा फक्त ल्युमिनन्स (उजळपणा) १०-१५ ने कमी करा, सॅच्युरेशनला (रंगाच्या तीव्रतेला) हात लावू नका.

व्हायब्रन्सचाही मोह टाळा. तो फिक्या रंगांना जास्त चढवतो, आणि चौकटीतली सगळ्यात फिकी वस्तू म्हणजे तुमचं राखाडी कुंपण. सावलीतल्या लाकडावर निळ्या आकाशाची झाक असतेच, ती व्हायब्रन्सने शाई सांडल्यासारखी होते. त्यापेक्षा लाल, केशरी, पिवळा हे तीनच रंग हाताने हलवा आणि गवताचा हिरवा जरा उतरवा. हिरवा उतरला की बाकीचे न चढवताच चढलेले दिसतात. लाकडाची निळसर झाक पूर्ण काढू नये असं माझं मत आहे. केशरीच्या शेजारी ती शोभते.

पाचोळा:

आरजीबी हिस्टोग्राम सुरू केला, लाल खरंच भिंतीला चिकटलेला होता. स्टाइलही व्हिव्हिडवर होती. धन्यवाद.

फोकसचं मात्र अजून कळलं नाही. आणि पोलरायझर लावावा की नाही? लावला की कधी आकाशात काळा डाग येतो, कधी काहीच फरक पडत नाही.

गणिती_भिंग:

फोकस खांबावरही नको, झाडांवरही नको, दोन्हींच्या मध्ये. किती मध्ये, ते हायपरफोकल अंतरावरून काढतात: फोकल लांबीचा वर्ग भागिले (एफ-आकडा गुणिले स्वीकार्य धूसरतेचं वर्तुळ), अधिक फोकल लांबी. ते वर्तुळ म्हणजे डोळ्याला अजून स्पष्ट बिंदूच वाटेल एवढा सर्वात मोठा ठिपका; क्रॉप सेन्सरला तो ०.०२ मिमी धरतात. त्या अंतरावर फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट.

तुमच्या लेन्ससाठी एफ/११ ला: १८ मिमीला १.५ मीटर (७५ सेंमीपासून पुढे स्पष्ट), २४ ला २.६ (१.३ पासून), ३५ ला ५.६ (२.८ पासून), ५५ ला १३.८ (जवळजवळ ७ पासून). ३५ च्या पुढे गेलात तर जवळचा खांब आणि लांबचं रान एका फ्रेममध्ये बसवायचा हट्टच सोडावा.

हे आकडे काठावरचे आहेत. मोठ्या प्रिंटमध्ये लांबची झाडं जराशी मऊ जाणवतात. उपाय सोपा आहे: अंतर एफ/८ चं घ्या, छिद्र एफ/११ ठेवा. १८ मिमीला एफ/८ चं अंतर २ मीटर येतं. तिथं फोकस करून एफ/११ ला टिपलं तर सुमारे ८६ सेंमीपासून पुढचं स्पष्ट येतं आणि लांबच्या झाडांना जास्तीची जागा मिळते.

म्हणजे अर्ध्या मीटरवरचा खांब एका फ्रेममध्ये बसतच नाही. एफ/१६ ला गणिताने जेमतेम बसतो, पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एफ/११ नंतर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) बारीक तपशील विरघळायला लागतो. एफ/२२ ला जे दिसलं ते हेच, फोकस चुकलेला नव्हता. तेव्हा एकतर खांबापासून ९० सेंमी दूर व्हा, नाहीतर फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या फ्रेम नंतर जोडा.

स्टॅकिंगसाठी १८ मिमी, एफ/८, चार फ्रेम पुरतात: ४० सेंमी, ६० सेंमी, १.२ मीटर, ४ मीटर. प्रत्येकीची स्पष्टता पुढचीवर थोडी चढते, म्हणून मध्ये पट्टा सुटत नाही. एक्स्पोजर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, शटरला दोन सेकंदांचा टायमर. काम बिघडतं ते वाऱ्याने. खांबालगतचं गवत चारही फ्रेममध्ये वेगळ्या जागी असेल तर जोडताना भुतं उमटतात. वारा असेल तर स्टॅकिंग सोडून मागे सरका, पाच मिनिटांचं काम तासाभराच्या पुसापुशीत जातं.

आणि पानांसाठी शटरकडे लक्ष असू द्या. मंद झुळुकीतही १८ मिमीला १/१२५ हवा, २०० मिमीला १/५००. आयएसओ ४०० ते ८०० खुशाल वापरा. ट्रायपॉड खांबांना स्थिर ठेवतो, पानांना नाही.

कडेकडेने:

पोलरायझर निळं आकाश गडद करतो तो सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात. तुमची १८ मिमी आडवी ६६ अंश बघते, म्हणून तो पट्टा आकाशाच्या मधोमध काळ्या डागासारखा येतो. सूर्य पाठीशी किंवा नाकासमोर असेल तर आकाशावर काहीच होत नाही. तुमचे दोन्ही अनुभव ह्यातच आले.

पण इथं आकाशासाठी तो लावूच नका. पानांवरची चकाकी काढायला लावा, आणि तेही ढगाळ, ओल्या दिवशी. ओल्या पानावर आकाशाचं पांढरं प्रतिबिंब बसलेलं असतं, ते गेलं की खालचा रंग बाहेर येतो. ओल्या दांड्यांचंही तसंच. काठोकाठ फिरवू नका, चकाकी जरा राहू द्या, नाहीतर ओलं लाकूड नुसतं मळकं दिसतं. साधारण दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १/१२५ चा १/४० होतो आणि पानं हलायला लागतात. आयएसओने भरपाई करा. तारेच्या कुंपणावरची चमक पोलरायझरने जात नाही. उघड्या धातूवरून परतलेल्या प्रकाशाला तो फारसा अडवू शकत नाही.

आता तिपाई यांच्याशी थोडं भांडण. आडवं कुंपण म्हणजे चूक, हे मला मान्य नाही. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट केंटला टिपलेलं पांढरं कुंपण बघा. समोरासमोर, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मागे गडद पट्टा आणि घरं. १९१७ मध्ये ‘कॅमेरा वर्क’ या छायाचित्रणाच्या नियतकालिकाच्या शेवटच्या अंकात आलेला हा फोटो. खोली मुद्दाम मारली आहे, आणि म्हणूनच एकेका पट्टीचं वाकडेपण, तुटकेपण वाचता येतं.

पट्टा वाईट दिसतो तो अर्धवट असतो म्हणून. मधोमध, बारीक, मागे गोंधळ. समोरून घ्यायचं तर पूर्ण घ्या: कुंपणाने चौकटीचा निदान तिसरा हिस्सा व्यापला पाहिजे, मागचा रंग एकच हवा (गडद रान किंवा एकजात पिवळा झाडोरा) आणि लय मोडणारी एक गोष्ट हवी. निखळलेला दांडा, एकच खांब नव्या लाकडाचा, फटीत अडकलेला पाचोळ्याचा ढीग. सेन्सर कुंपणाला समांतर, ७०-१०० मिमी, एफ/८, दांडे चौकटीच्या कडांना समांतर. इथं अर्ध्या अंशाचा कलसुद्धा खुपतो.

तिपाई:

मान्य. मागचा रंग एकच हवा ही अट महत्त्वाची, आणि पानगळीत तीच मिळायला अवघड. बर्चसारखी पिवळी पडणारी झाडं एकजात उभी असली तर समोरून घ्यावं. मेपल आणि ओक मिसळलेलं रान असेल तर लाल, केशरी, तपकिरी ठिपक्यांपुढे दांडे हरवतात. तिथं तिरकंच बरं.

नागमोडी कुंपणाचं राहिलं. उत्तर अमेरिकेत जुन्या शेतांवर दिसतं ते, खांब न पुरता फाडलेले दांडे एकमेकांवर तिरपे रचलेलं. ते कडेने, जमिनीलगत घेतलं तर नागमोड दिसतच नाही, नुसता सरपणाचा ढीग. उंचवट्यावर चढा आणि १००-१५० मिमीने त्याच्या लांबीच्या दिशेने खाली बघा. ऊन बाजूने असेल तर एक भाग उजेडात, पुढचा सावलीत, परत एक उजेडात अशी आपोआप घडी पडते. खांबांच्या कुंपणाला हे सुख नाही.

दंवबिंदू:

सगळे लाकडाबद्दल बोलतायत, काटेरी तारेसाठी दोन शब्द.

गोठलेलं दंव तारेवर काट्याच्या टोकापासून बाहेर सुयांसारखं वाढतं. २५० मिमीला मीटरभर अंतरावरून घेतलंत तर एफ/८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम ४-५ मिमी असते, म्हणून सेन्सर तारेला काटेकोर समांतर ठेवा, नाहीतर काटा स्पष्ट आणि तार दोन्हीकडे विरघळलेली. पार्श्वभूमी सावलीतली हवी आणि ऊन मागून.

ऊन पोचलं की दंव काही मिनिटांत जातं. पण त्याच वेळी खाली गवताकडे बघा. उन्हातलं दंव वितळतं आणि खांबांच्या, दांड्यांच्या सावलीतलं तसंच राहतं. काळ्या सावलीऐवजी गवतावर पांढऱ्या पट्ट्यांची सावली पडते. सूर्य सरकतो तशी सावली सरकते, पण पांढरा पट्टा जरा मागे रेंगाळतो, त्यामुळे थोडा वेळ काळी आणि पांढरी सावली शेजारी-शेजारी दिसतात. हे टिपायला कॅमेरा १.६ मीटरच्या वर हवा, कुंपण चौकटीच्या वरच्या कडेला ढकललेलं आणि बाकी सगळं गवत. दंव भरपूर असेल तर एक्स्पोजर अधिक ०.७, नाहीतर ते राखाडी येतं.

मोबाइलवाल्यांसाठी: पोर्ट्रेट मोड लावू नका. खोटी धूसरता तारेला ओळखत नाही. मध्येच तार तुटते, नाहीतर दोन तारांमधलं रान स्पष्ट आणि बाहेरचं धूसर. दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती, पानावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक, आणि उजेडाची पट्टी जरा खाली.

मोकळं_फाटक:

फोटोच्या आधीच्या गोष्टी. कुंपण म्हणजे कुणाचीतरी हद्द. पलीकडे जायचं तर मालकाला विचारून, आणि फाटक जसं होतं तसंच ठेवून. उघडं असलेलं ‘मदत’ म्हणून लावून टाकलं तर गुरांचं पाणी तुटू शकतं.

चुन्या-मातीशिवाय रचलेल्या दगडी कुंपणावर चढू नका, ट्रायपॉडचा पाय टेकवू नका, बसूही नका. वरचा एक दगड हलला की खालच्यांची पकड सुटते.

जुन्या लाकडी कुंपणाच्या आतल्या बाजूने विजेची बारीक तार किंवा पांढरी फीत गेलेली असते. प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे इन्सुलेटर दिसले की समजा. साधारण सेकंदाला एक झटका असतो, त्यामुळे हात लावून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड वीज वाहतो हे सगळ्यांना माहीत असतं, कार्बन फायबरचाही वाहतो हे नसतं.

पानगळ हा बऱ्याच देशांत शिकारीचा हंगाम. पहाटे रानाच्या कडेला जायचं तर भडक केशरी जाकीट घाला. पानांचाच रंग असला तरी त्याचा उपयोग होतो, कारण तो फ्लुओरेसंट असतो.

पाचोळा:

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एकच: धुक्यात मी ५५-२५० लावून लांबून काढले, सगळे खांब सारखेच फिके आले. आणि चौथ्या-पाचव्या फ्रेमनंतर मध्येच धूसर ठिपके.

उतरतं_ऊन:

लांबून काढले म्हणूनच फिके आले. धुक्यात प्रत्येक मीटर हवा रंग खाते. पहिला खांब ४० मीटरवर आणि पाचवा ५२ वर असेल तर दोघांनीही जवळपास सारखंच धुकं प्यायलंय. पहिल्याच्या ३-४ मीटरवर या, ३५-५५ मिमी लावा. पहिला जवळजवळ काळा, दुसरा गडद राखाडी, असं उतरत पाचवा नुसता ठसा. पायऱ्या दिसल्या पाहिजेत. एक्स्पोजर अधिक ०.७ ते १, आणि प्रोसेसिंगमध्ये डीहेझला (धूसरपणा काढणाऱ्या पट्टीला) हात नको, तो नेमक्या ह्याच पायऱ्या खातो.

दमट, निरभ्र, वारा नसलेली रात्र गेली की सकाळी सखल जागी धुकं साचतं आणि ऊन चढलं की विरतं. विरताना दहा-पंधरा मिनिटं सूर्याच्या दिशेने बघा, तेव्हा पानांमधून प्रकाशाचे झोत पडतात.

ठिपके म्हणजे पुढच्या काचेवरचं पाणी. हूड कायम लावून ठेवा, कॅमेरा थांबलेला असताना लेन्सचं तोंड जमिनीकडे करा, दर पाच-सहा फ्रेमनंतर काच तिरपी धरून बघा आणि कोरड्या मायक्रोफायबरने टिपा. घासू नका. एक कापड ओलं झालं की दुसरं, म्हणून तीन-चार खिशात ठेवा. परत आल्यावर बॅग लगेच उघडू नका. थंड कॅमेरा उबदार खोलीत बाहेर काढला की आतल्या काचेवरही दंव धरतं. तासभर बंदच राहू द्या, कार्ड हवं असेल तर ते बाहेर असतानाच काढून खिशात टाका.

पाचोळा:

बॅग लगेच उघडत होतो. उद्या कापडं घेऊन जातो.